अकरावी-बारावी कॉमर्समधले ‘ओसी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयाचे पूर्ण नाव ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’. वर्गात मात्र सगळे त्याला ‘ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स’वरून ‘ओसी’च म्हणतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या कॉमर्सला गेलेली मुलं आणि त्यांचे पालक या विषयाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरे इथे आहेत. एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस, म्हणजे कंपनी सचिवाच्या कामाचा विषय) आणि बुक-कीपिंग यांना ओसीपासून तोडता येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दलचेही दोन-चार प्रश्न घेतले आहेत.

ओसीत नेमके काय शिकायचे असते?

अकरावीत धंद्याची ओळख होते. व्यापार म्हणजे काय, घाऊक आणि किरकोळ व्यापारी वेगळे कसे, एकल व्यापारी, भागीदारी, हिंदू एकत्र कुटुंब व्यवसाय, सहकारी संस्था आणि कंपनी यांत मालकी कोणाची आणि जबाबदारी किती, नाबार्ड आणि सिडबीसारख्या संस्था कोणाला मदत करतात, असा सगळा भाग. शेवटी व्यवस्थापनाची तोंडओळख.

बारावीत आठ प्रकरणे आहेत: व्यवस्थापनाची तत्त्वे, व्यवस्थापनाची कार्ये, उद्योजकता विकास, व्यवसाय सेवा, व्यवसायाचे नवे प्रकार म्हणजे ई-बिझनेस आणि आउटसोर्सिंग, सामाजिक जबाबदाऱ्या, ग्राहक संरक्षण आणि विपणन. यातले सर्वांत जाड प्रकरण व्यवसाय सेवांचे. बँक, विमा, वाहतूक, गोदाम आणि संदेशवहन असे पाच स्वतंत्र विषय त्यात कोंबलेले आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी ते एकदा वाचून झाले नसेल, तर जानेवारीत ते डोईजड होते.

बारावीला एकूण किती विषय असतात?

गुणांचे सहा: इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, अर्थशास्त्र, बुक-कीपिंग, ओसी आणि एसपी किंवा गणित. एकूण ६०० गुण. ओसीचे १०० गुण ८० लेखी आणि २० प्रकल्प असे विभागलेले आहेत. पर्यावरण शिक्षण आणि शारीरिक शिक्षण श्रेणीपुरते.

एसपी घ्यावे की गणित?

आधी ठरवा की बारावीनंतर काय करायचे आहे, मग विषय निवडा. बहुतेक घरांत हे उलट होते. दहावीला गणितात कमी गुण पडले म्हणून अकरावीत एसपी घेतले जाते आणि पुढे सीए फाउंडेशनला बसायचे ठरले की धावपळ उडते. त्या परीक्षेच्या तिसऱ्या पेपरात ४० गुण व्यवसाय गणिताला, ४० संख्याशास्त्राला आणि २० तर्कक्षमतेला आहेत. गणित सोडलेल्या मुलांना हा पेपर जमत नाही असे अजिबात नाही, हजारो जण तो पास होतात. पण चक्रवाढ व्याज, क्रमचय-संचय, सहसंबंध हे सगळे त्यांना पहिल्यापासून शिकावे लागते आणि त्याला तीन-चार महिने जातात.

अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रात पुढे जायचे असेल, विमागणिताकडे वळायचे असेल, तर गणित घ्याच. बीकॉम, कंपनी सेक्रेटरी, बँकेची नोकरी, घरचा व्यवसाय असा विचार असेल तर एसपी जास्त उपयोगाचे. भाग (शेअर), कर्जरोखे, लाभांश, डीमॅट, शेअर बाजार यांची पक्की ओळख शालेय वयात करून देणारा दुसरा विषय नाही. ‘एसपी सोपे असते’ म्हणून मात्र ते घेऊ नका. त्यातली पत्रे सोपी नसतात.

ओसी म्हणजे नुसते पाठांतर, हे खरे का?

नाही. या विषयात मुलांचे सर्वांत मोठे नुकसान याच समजुतीने केले आहे. गाइडमधली उत्तरे घोकलेल्या मुलाला वीस गुणांचे वस्तुनिष्ठ प्रश्न बऱ्यापैकी जमतात. नंतर ‘परिस्थिती अभ्यासून मत लिहा’ आणि ‘विधान सकारण स्पष्ट करा’ समोर आले की तो अडतो, कारण तिथे कोणते वाक्य वापरायचे हे प्रश्न सांगत नाही.

ओसीत पाठ करायच्या गोष्टी थोड्याच आहेत: तत्त्वांची नावे, व्याख्येतले दोन-तीन शब्द, कायद्यांची वर्षे, मुद्द्यांचे मथळे. हे तंतोतंत यायलाच हवे. मथळ्याखालचे स्पष्टीकरण स्वतःच्या शब्दांत लिहा. ते स्वतःचे व्हायला एकच उपाय आहे. प्रत्येक मुद्दा ओळखीच्या एखाद्या धंद्यावर लावून पाहायचा. कोपऱ्यावरचा वडापाववाला रोज पहाटे बटाटे किती आणायचे हे ठरवतो, ते नियोजन. एकाने तळायचे, एकाने बांधून द्यायचे, एकाने पैसे घ्यायचे, ही कार्यविभागणी. रात्री उरलेले पाव मोजून दुसऱ्या दिवशीची मागणी कमी करतो, ते नियंत्रण. नियोजन आणि नियंत्रण यांचा संबंध एकदा असा दिसला की नियंत्रणाच्या पायऱ्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत: मानक ठरवणे, प्रत्यक्ष काम मोजणे, तुलना, तफावत शोधणे, दुरुस्ती.

परिस्थितीवर आधारित प्रश्नाचे उत्तर कसे लिहायचे?

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

समजा परिस्थिती अशी दिली आहे: ‘एका कारखान्यात उत्पादन व्यवस्थापक यंत्रचालकाला वेग वाढवायला सांगतो. गुणवत्ता व्यवस्थापक त्याच यंत्रचालकाला वेग कमी करायला सांगतो. दोघेही त्याचा कामाचा अहवाल स्वतःकडे मागतात.’ खाली तीन प्रश्न: कोणते तत्त्व मोडले? याचा परिणाम काय होईल? तुम्ही काय सुचवाल? प्रत्येकी १ गुण.

बहुतेक मुलं परिस्थितीच परत लिहून काढतात. ‘दोन व्यवस्थापक आहेत, ते वेगवेगळ्या सूचना देतात, हे बरोबर नाही.’ याला गुण मिळत नाही. उत्तर असे हवे:

पहिले: येथे हेन्री फेयॉल यांचे आदेशातील एकवाक्यतेचे तत्त्व मोडले आहे, कारण एका कर्मचाऱ्याला दोन वरिष्ठांकडून आदेश मिळत आहेत.
दुसरे: यंत्रचालकाचा गोंधळ होईल, कामाला विलंब होईल आणि चूक झाल्यास जबाबदारी कोणाची हे ठरवता येणार नाही.
तिसरे: यंत्रचालकाने फक्त उत्पादन व्यवस्थापकाला उत्तरदायी असावे आणि गुणवत्ता व्यवस्थापकाने आपली सूचना त्याच्यामार्फत द्यावी.

तीन उत्तरे, पाच-सहा ओळी, वेळ सात मिनिटे. तत्त्वाचे नाव पहिल्याच ओळीत, पुढे ‘कारण’ आणि त्याला परिस्थितीतला पुरावा. एवढे शिस्तीने केले तर तीनपैकी तीन गुण पडतात.

फेयॉल आणि टेलर यांच्यात गोंधळ होतो. काय करावे?

दोघे कुठे उभे राहून बघत होते ते लक्षात ठेवा. फ्रेडरिक टेलर अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यात, प्रत्यक्ष यंत्राजवळ काम करत होते. त्यामुळे त्यांचे सगळे लक्ष कामगाराच्या एकेका हालचालीवर: कालमापन, हालचालींचा अभ्यास, थकव्याचा अभ्यास, नगावर आधारित भिन्न मजुरी दर. हेन्री फेयॉल फ्रान्समधल्या खाण कंपनीचे प्रमुख होते. ते वरून खाली बघत होते, म्हणून त्यांची १४ तत्त्वे संपूर्ण संस्थेला लागू पडतात. ‘शास्त्रीय व्यवस्थापनाचे जनक’ टेलर आणि ‘आधुनिक व्यवस्थापनाचे जनक’ फेयॉल. एका शब्दातल्या उत्तरात ही अदलाबदल दरवर्षी होते.

या दोघांत एक खरा मतभेद आहे. टेलर यांच्या कार्यात्मक फोरमनशिपमध्ये एका कामगारावर आठ फोरमन देखरेख करतात, तर फेयॉल म्हणतात की वरिष्ठ एकच हवा. हा विरोध समजला तर दोन्ही गोष्टी एकदमच पक्क्या होतात.

आदेशातील एकवाक्यता आणि निर्देशनातील एकवाक्यता यांचाही असाच घोळ होतो. पहिली कर्मचाऱ्याबद्दल आहे: एक कर्मचारी, एक वरिष्ठ. दुसरी कामाबद्दल आहे: एका उद्दिष्टाच्या सगळ्या कामांना एक योजना आणि एक प्रमुख.

विम्याची तत्त्वे डोक्यात राहत नाहीत. काही सोपी युक्ती?

युक्तीपेक्षा आकडे घालून पाहा. एका व्यापाऱ्याच्या गोदामात ₹ ३ लाखांचा माल आहे. त्याने एका कंपनीकडे ₹ १ लाखाचा आणि दुसरीकडे ₹ २ लाखांचा आगीचा विमा उतरवला. आग लागून ₹ ६०,००० चे नुकसान झाले.

त्याला एकूण ₹ ६०,००० च मिळतील, जास्त नाही. विम्यातून नफा कमवायचा नसतो, हे नुकसानभरपाईचे तत्त्व. दोन्ही कंपन्या १:२ या प्रमाणात रक्कम देतील, म्हणजे ₹ २०,००० आणि ₹ ४०,०००. हे सहभागाचे तत्त्व. पैसे दिल्यावर अर्धवट जळालेल्या मालावरचा हक्क कंपन्यांकडे जातो, हे सब्रोगेशनचे म्हणजे हक्कबदलाचे तत्त्व. आग लागताच त्याने वाचवता येईल तेवढा माल बाहेर काढायला हवा होता, हे नुकसान कमीत कमी ठेवण्याचे तत्त्व. आणि शेजारी फटाक्यांचा साठा असल्याचे त्याने अर्जात लपवले असेल, तर परम विश्वासाचे तत्त्व मोडले आणि दावा नाकारला जाऊ शकतो.

माणसाच्या जिवाची किंमत पैशांत मोजता येत नाही, म्हणून नुकसानभरपाई, सहभाग आणि हक्कबदल ही तीन तत्त्वे जीवन विम्याला लागू नाहीत. यावर प्रश्न हमखास येतो. विमायोग्य हित कधी असावे लागते तेही इथेच लक्षात ठेवा: जीवन विम्यात करार करताना, सागरी विम्यात नुकसानीच्या वेळी, आगीच्या विम्यात दोन्ही वेळी.

‘फरक स्पष्ट करा’मध्ये गुण का कापले जातात?

चार गुणांना चार मुद्दे लागतात, हे सगळ्यांना माहीत असते. चूक होते ती समोरासमोर न लिहिण्याने. बचत खाते आणि चालू खाते असा प्रश्न आहे असे धरा. डाव्या रकान्यात ‘यावर व्याज मिळते’ आणि त्याच्यासमोर उजवीकडे ‘हे व्यापारी उघडतात’ असे लिहिले तर तो फरक झाला नाही. दोन वेगळी वाक्ये शेजारी बसली, एवढेच. आधी मधल्या रकान्यात मुद्द्याचे नाव लिहा: अर्थ, खातेदार, व्याज, अधिकर्ष सवलत (ओव्हरड्राफ्ट). मग दोन्ही बाजूंनी त्याच मुद्द्यावर बोला. बचत खात्यावर व्याज मिळते, चालू खात्यावर साधारणपणे मिळत नाही. चालू खात्यावर अधिकर्ष सवलत मिळते, बचत खात्यावर मिळत नाही.

अर्थाच्या मुद्द्यावर भर देऊ नका. दोन्हींच्या व्याख्या लिहायला चार ओळी जातात आणि गुण एकच.

पुस्तकातले आकडे आणि आजचे आकडे वेगळे दिसतात. पेपरात कोणते लिहायचे?

पेपरात तुमच्या हातातल्या आवृत्तीतले. खऱ्या आयुष्यात आजचे. दोन्ही माहीत असले पाहिजेत, कारण हा विषय उद्या घरात आणि दुकानात लागणार आहे.

ग्राहक संरक्षण हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात जिल्हा आयोगाची मर्यादा ₹ १ कोटीपर्यंत, राज्य आयोगाची ₹ १ कोटी ते ₹ १० कोटी आणि त्यावर राष्ट्रीय आयोग अशी रचना होती. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने नवे नियम काढून त्या मर्यादा खाली आणल्या. आता जिल्हा आयोगाकडे ₹ ५० लाखांपर्यंत, राज्य आयोगाकडे ₹ ५० लाख ते ₹ २ कोटी आणि त्यापुढची प्रकरणे राष्ट्रीय आयोगाकडे जातात. जुन्या १९८६ च्या कायद्यात जिल्हा पातळीवरच्या संस्थेचे नाव ‘मंच’ होते. २०२० नंतरच्या उत्तरात ‘जिल्हा मंच’ लिहू नका, ‘जिल्हा आयोग’ लिहा.

या मर्यादेत कोणती रक्कम धरायची हेही बदलले आहे. वस्तू किंवा सेवेसाठी ग्राहकाने मोजलेली किंमत धरायची, मागितलेली भरपाई त्यात मिळवायची नाही. ₹ ३०,००० चा फ्रीज बिघडला आणि मनस्तापाचे ₹ २ लाख मागितले, तरी मोजायचे ₹ ३०,००० च. अशा तक्रारीला शुल्क नाही, कारण ₹ ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोग शुल्क घेत नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत मात्र कडक आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे. त्याआधी फोनवरून मार्गदर्शन हवे असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पावती जपून ठेवा, असे हे प्रकरण शिकवताना प्रत्येक शिक्षकाने बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहावे असे वाटते.

दुसरे उदाहरण लघुउद्योगांचे. २००६ च्या कायद्यात सूक्ष्म उत्पादन उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत ₹ २५ लाख गुंतवणूक अशी होती. १ जुलै २०२० पासून ती ₹ १ कोटी गुंतवणूक आणि ₹ ५ कोटी उलाढाल झाली. १ एप्रिल २०२५ पासून ₹ २.५ कोटी आणि ₹ १० कोटी. अकरावीच्या उत्तरात जुना आकडा लिहिताना ‘२००६ च्या कायद्यानुसार’ एवढे दोन शब्द आधी जोडा. म्हणजे उत्तर कोणत्याही परीक्षकासमोर टिकते.

सामाजिक जबाबदारीचे आकडे तरी तेच आहेत ना?

हो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ₹ ५०० कोटी किंवा उलाढाल ₹ १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ₹ ५ कोटी, यांपैकी एक जरी अट पूर्ण झाली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम कंपनीला सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ‘किंवा’ महत्त्वाचे आहे. मुलं ‘आणि’ लिहितात आणि अर्थच बदलतो.

प्रकल्प कशावर करावा?

जिथे तुम्ही चालत जाऊ शकता अशा जागेवर. इंटरनेटवरून उतरवलेला मोठ्या कंपनीचा प्रकल्प शिक्षकांना पहिल्या पानावरच ओळखू येतो आणि तोंडी परीक्षेत तो पूर्ण उघडा पडतो.

किराणा दुकान घ्या आणि विपणन मिश्रण पाहा. दुकानदार काकांना वेळ विचारून दुपारी दोन ते चारच्या मधे जा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असते. दहा वस्तू निवडा. प्रत्येकीची पाकिटे कोणत्या मापात आहेत, ₹ ५ आणि ₹ १० ची पाकिटे कोणत्या वस्तूंची आहेत, छापील किमतीपेक्षा कमी दर कशावर लावतात, डोळ्यांच्या रेषेतल्या फळीवर काय ठेवले आहे आणि पायाशी काय, माल वितरक आणून देतो की काका स्वतः मार्केट यार्डातून आणतात, हे टिपून घ्या. वस्तू, किंमत, स्थान आणि प्रसार, चारही भाग एका दुपारी तुमच्या वहीत उतरतात. शेवटी उधारीबद्दल विचारा: उधारी किती दिवसांची देतात, कोणाला देत नाहीत, वही ठेवतात की मोबाइलवर नोंद करतात. विपणनाच्या पुस्तकात हे नाही, पण गल्लीतले गिऱ्हाईक त्याच्यावरच टिकून असते.

लिहिताना क्रम असा ठेवा: विषय, उद्दिष्टे, माहिती कशी गोळा केली, निरीक्षणे, निष्कर्ष. उद्दिष्टे तीनच असू द्या आणि निष्कर्षही त्याच तिघांवर लिहा. उद्दिष्टे सात आणि निष्कर्ष ‘या प्रकल्पातून मला खूप शिकायला मिळाले’ असा एकच, यावर गुण जातात. दुकानाचा फोटो लावायचा असेल तर काकांना आधी विचारा आणि गिऱ्हाइकांचे चेहरे येऊ देऊ नका.

एसपीच्या पत्रात काय चुकते?

शीर्ष. कंपनीच्या पत्रावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन म्हणजे २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, दूरध्वनी, ई-मेल आणि संकेतस्थळ असायला हवे. सीआयएन हमखास विसरतो. त्यानंतर संदर्भ क्रमांक, दिनांक, सभासदाचा पत्ता, विषय. शेवटी ‘आपला विश्वासू’, खाली कंपनीकरिता, सही आणि ‘कंपनी सचिव’.

मजकुरात प्रश्नाला साजेसे कायद्याचे तपशील यायला हवेत. लाभांशाच्या पत्रात सभेचा दिनांक, भागांची संख्या, दर आणि रक्कम यांचा तक्ता काढा आणि गणित जुळू द्या. ₹ १० दर्शनी किमतीचे १०० भाग आणि ₹ २ लाभांश असेल तर एकूण ₹ २००, उगाच ₹ २,००० नव्हे. जाहीर केल्यापासून ३० दिवसांत लाभांश द्यायचा. न दिलेली रक्कम त्यापुढच्या ७ दिवसांत वेगळ्या खात्यात. तिथे ७ वर्षे पडून राहिली तर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत. तीस, सात, सात. हा क्रम एकदा बसला की सुटत नाही.

बुक-कीपिंगमध्ये ताळेबंद जुळत नाही. चूक शोधायची कशी?

आधी फरकाची रक्कम काढा, ती बरेच काही सांगते. फरकाला २ ने भागा. येणारी रक्कम तेरजेत (ट्रायल बॅलन्समध्ये) कुठे दिसली, तर ती चुकीच्या बाजूला गेली आहे. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर आकडे उलटे लिहिल्याची शंका घ्या: ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९०. फरकाइतकीच रक्कम समायोजनेत (ॲडजस्टमेंटमध्ये) असेल, तर त्या समायोजनेचा एकच परिणाम दिला आहे. प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम असतात. दुसरा परिणाम देताच त्या ओळीसमोर पेन्सिलने बरोबरची खूण करायची सवय लावा.

सर्वांत जास्त गुण घालवणारी जागा ऋणकोंची. तेरजेत ऋणको ₹ ४१,०००, समायोजनेत ₹ १,००० बुडीत आणि ५ टक्के आरडीडी, म्हणजे संशयित कर्जासाठीची तरतूद. आधी ₹ १,००० वजा करायचे, मग ₹ ४०,००० वर ५ टक्के, म्हणजे ₹ २,०००. घाईत ₹ ४१,००० वर काढले की ₹ २,०५० येतात. गंमत नाही, खरी अडचण अशी की दोन्ही ठिकाणी तोच चुकीचा आकडा गेल्यामुळे ताळेबंद जुळतो आणि चूक कळतच नाही.

भागीदारी करारपत्र नसेल तर १९३२ चा कायदा लागू होतो: नफा समान, भांडवलावर व्याज नाही, पगार नाही, भागीदाराने दिलेल्या कर्जावर द.सा.द.शे. ६ व्याज. प्रश्नात भांडवलावरच्या व्याजाचा दर दिला नसेल तर स्वतःहून व्याज लावू नका.

मराठी माध्यमातून शिकतोय. पुढे कॉलेजात इंग्रजीची अडचण येईल का?

पहिले सहा महिने येते, आणि तिची तयारी आत्ताच करता येते. बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची पुस्तके मोफत पीडीएफ स्वरूपात मिळतात. प्रकरण मराठीत समजून घ्या, मग इंग्रजी पुस्तकातले फक्त मथळे वाचा आणि वहीच्या समासात लिहा: विमायोग्य हित म्हणजे इन्शुरेबल इंटरेस्ट, भाग म्हणजे शेअर, कर्जरोखा म्हणजे डिबेंचर, ख्याती म्हणजे गुडविल. एका प्रकरणात असे वीस-पंचवीस शब्द निघतात. उत्तरे मात्र मराठीतच लिहा. ज्या भाषेत विचार स्वच्छ होतो तिच्यात गुणही चांगले पडतात, आणि मराठीत लिहिले म्हणून मंडळ एकही गुण कमी करत नाही.

सीबीएसईचा बिझनेस स्टडीज आणि ओसी एकच का?

अर्धा एक. व्यवस्थापनाची तत्त्वे, विपणन आणि ग्राहक संरक्षण दोन्हीकडे आहे. तिकडे वित्तीय व्यवस्थापन आणि वित्तीय बाजार याच विषयात येतात, आपल्याकडे तो भाग एसपीत आहे. एक बारीक फरक शाळा बदललेल्या मुलांना नडतो: तिकडे व्यवस्थापनाची कार्ये पाच धरतात आणि समन्वयाला व्यवस्थापनाचे सार म्हणतात. आपल्या पुस्तकात समन्वय हे स्वतंत्र कार्य आहे, म्हणून कार्ये सहा. तिकडची चित्रफीत पाहून इकडे ‘पाच’ लिहू नका.

बारावीनंतर काय काय करता येते?

बीकॉम हा सरळ रस्ता. बीएमएस किंवा बीबीए करायचे असेल तर राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा २०२४ पासून सुरू झाली आहे. अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो आणि ही तारीख चुकलेली मुलं दरवर्षी हळहळतात. सीए फाउंडेशनला दहावीनंतर तात्पुरती नोंदणी करता येते, परीक्षेला बारावीनंतर बसता येते. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. पहिले दोन पेपर लेखी आहेत, शेवटचे दोन बहुपर्यायी, आणि त्यांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. ओसीच्या पेपरात अंदाजाने पर्याय निवडला तर काही बिघडत नाही, इथे बिघडते. कंपनी सेक्रेटरीची प्रवेश परीक्षाही बारावीनंतर देता येते आणि त्यात एसपी घेतलेल्यांना अनेक शब्द ओळखीचे भेटतात.

पेपरच्या तीन तासांत वेळ कसा बसवावा?

८० गुण आणि १८० मिनिटे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. वस्तुनिष्ठ २० गुणांचे २५ मिनिटांत आटपा, तिथला वाचलेला वेळ पुढे लागतो. संकल्पना २० मिनिटे, परिस्थितीचे प्रश्न १५, फरक २५, थोडक्यात उत्तरे २०, सकारण विधाने २०, पाच गुणांचे दोन प्रश्न २५ आणि आठ गुणांचा मोठा प्रश्न २०. बेरीज १७० होते.

मोठा प्रश्न शेवटी ठेवणाऱ्यांचे शेवटचे तीन मुद्दे नेहमी एका ओळीचे होतात. तो पाठ असेल तर वस्तुनिष्ठ प्रश्नानंतर लगेच लिहा. प्रश्नांचा क्रम बदलला तरी चालतो, पण एका प्रश्नाची उपउत्तरे एकाच जागी ठेवा आणि नवा प्रश्न नव्या पानावर सुरू करा.

सकारण विधानात ‘हे विधान सत्य आहे’ एवढे लिहून थेट शेवटावर येऊ नका. चार गुणांसाठी तीन-चार कारणे वेगळ्या क्रमांकांत लागतात, मग ‘म्हणून’ची ओळ.

उरलेल्या दहा मिनिटांत पुरवण्यांचे क्रमांक लावून घ्या, उत्तरपत्रिकेवर पुरवण्यांची संख्या भरा, मग जोड्या लावामधली अक्षरे परत एकदा प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहा.